पेल्याच्या कडेवरचं पान



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. किल्ला झाला, चिमाजीअप्पा झाले, सोपाऱ्याचा स्तूप झाला, आणि आता ही व्याख्यानमाला थेट दारूच्या पेल्यापाशी येऊन बसली की काय? तर तसं नाही. पेल्यातल्या दारूविषयी मी जेवढ्यास तेवढंच बोलणार आहे. कॉकटेलच्या पेल्याच्या कडेला जे हिरवं काहीतरी खोचलेलं असतं ना, पुदिन्याचा शेंडा, सबज्याची दोन पानं, गवती चहाची काडी, त्या पानाचा हा इतिहास आहे. ते पान कुणी पेरलं, कुठल्या जमिनीत, कुठल्या पाण्यावर?

आज विरार-नालासोपाऱ्यात याचं उत्तर खिडकीत सापडतं. पाचव्या-सातव्या मजल्यावर, ग्रिलच्या आत, दह्याच्या रिकाम्या डब्यात किंवा कापलेल्या बाटलीत कुणीतरी बी पेरलेलं असतं. तरुण मंडळी हौसेने करतात, घरी पाहुणे आले की तेच पान खुडून सरबतात नाहीतर पेल्यात घालतात. त्यात गैर काहीच नाही. पण ज्या तालुक्याने शेकडो वर्षं मैलोन्‌मैल बागा राखल्या, तिथलं पान एका वितीच्या डब्यात कसं येऊन बसलं, हा प्रश्न इतिहासाच्या माणसाला पडायला हवा.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण शब्द लवकर खोटं बोलत नाहीत. 'पंच' नावाचं पेय तुम्हाला ठाऊक असेल. १६३२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाने हिंदुस्थानातून लिहिलेल्या पत्रात हा शब्द येतो. पुढे १६७०च्या दशकात जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मुंबई-सुरत भागात होता, वसईलाही येऊन गेला. त्याने सरळ लिहून ठेवलं की हा शब्द इथल्या 'पाच' वरून आला, कारण पेयात जिन्नस पाच. माडाची अर्क-दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशी ही पाचाची मोजणी सांगितली जाते. काही भाषातज्ज्ञांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, ते पिंपाच्या इंग्रजी नावाकडे बोट दाखवतात. मला स्वतःला फ्रायरची साक्ष जड वाटते. तो इथे राहिला होता आणि त्या काळातला होता.

दुसरा शब्द 'जुलेप'. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा मिंट जुलेप प्रसिद्ध आहे, १८०३ साली छापलेल्या जॉन डेव्हिसच्या पुस्तकात पुदिना घातलेल्या त्या घोटाचा उल्लेख आहे. पण जुलेप म्हणजे मुळात फारसीतला 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी. अरबीतून युरोपात गेला, तिथल्या औषधांच्या दुकानांत गोड काढ्याचं नाव झाला आणि मग समुद्र ओलांडून दारूला चिकटला. म्हणजे बघा, सुगंधी पान, लिंबू आणि गोडी घालून मद्याचा उग्रपणा मोडायचा, ही सगळी रीत न्यूयॉर्कच्या बारमध्ये जन्मली नाही. तिचे दोन जुने शब्द आपल्या बाजूच्या समुद्रावरून गेलेले आहेत.

आणि या समुद्राच्या काठावरच वसईची बागायत होती.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य गोव्यात उतरला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, तिथे त्याचा आंबा होता. १५६३ साली गोव्यात त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. विड्याचं पान, आलं, वेलदोडा, कडुनिंब, सगळ्यांची त्याने चौकशी केली आहे. पानाकडे त्याची नजर वैद्याची आहे, भाव आणि गुण यांची.

त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी, १६९५ साली, जेमेली कारेरी हा नेपल्सचा प्रवासी वसईत आला. त्याने काय पाहिलं? किल्ल्याबाहेर पंधरा मैल नुसत्या बागा. माड, आंबे, केळी आणि भरपूर ऊस. जमीन वर्षभर हिरवी, कारण यंत्रांनी पाणी काढून ती शिंपली जात होती. वसईतले श्रीमंत पोर्तुगीज उन्हाळ्यात या बागांतल्या घरांत राहायला येत, हवा खायला आणि शहरातल्या साथीपासून दूर पळायला. कारेरीने ज्याला यंत्र म्हटलं ते आपले रहाट. बैल फिरतो, चाक फिरतं, मडक्यांची माळ विहिरीत जाते आणि भरून वर येते. ज्यांचं बालपण गास, वाघोली, निर्मळ, नंदाखालच्या बाजूला गेलं, त्यांना मी रहाटाचा आवाज सांगायची गरज नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. वसईच्या पट्ट्यात गोडं पाणी उथळ आहे. वाळूमिश्र जमिनीत पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगल्यासारखं राहतं. रहाट ते हळूहळू उपसतो. दिवसभर उपसलं तरी बैल थकतो, विहीर थकत नाही. म्हणून पाण्याचा तोल टिकला. मोटारपंप आल्यावर थकणारं कुणी उरलं नाही. याकडे मी परत येणार आहे.

आता घरात लावलेल्या पानाविषयी एक कागद बघू. तो दारूशी संबंधित नाही, पण आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांनी कुठल्या जुन्या चालीरीती सोडायच्या याची ती लांबलचक यादी आहे. लग्नातली गाणी, कपडे, खाण्याच्या रीती, आणि त्यात तुळस. घरात, अंगणात, वाडीत तुळस लावू नये, असेल तर उपटून टाकावी. वसईचा प्रांतही त्याच न्यायासनाच्या अखत्यारीत होता. तीन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, वसईवरची पोर्तुगीज सत्ताच गेली, ते वेगळं.

पण विचार करा, एका रोपाची एवढी धास्ती का? आणि गंमत अशी, की त्याच पोर्तुगालच्या लिस्बन शहरात जून महिन्यात संत अंतोनीच्या सणाला घरोघर तुळशीच्याच जातीचं एक बारीक पानांचं रोप कुंडीत आणतात, खिडकीत ठेवतात, एकमेकांना भेट देतात. त्या रोपाला नाक लावायचं नाही असा संकेत आहे. तळहात पानांवरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. आपली तुळस, आपला सबजा आणि लिस्बनचं ते रोप, तिघं एकाच कुळातली, वनस्पतिशास्त्रात आडनाव एकच. एका खिडकीत ते सणाचं रोप, दुसऱ्या अंगणात तेच पाखंड. रोप तेच असतं, कुणाच्या अंगणात आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. कुंडीतलं रोप निव्वळ शोभेचं असतं असं जे म्हणतात, त्यांना मी हे फर्मान दाखवतो.

तुळशीवर बंदी आली तरी सबज्याला कुणी अडवलं नाही, कारण तो देवघरातला नव्हता. वाडीच्या बांधाला, विहिरीच्या काठाला, सांडपाण्याच्या पाटाशी तो आपोआप उगवतो. त्याचं बी उन्हाळ्यात सरबतात, पुढे इराण्याच्या फालुद्यात गेलं. वसईची जुनी वाडी म्हणजे नुसती केळी आणि पानवेल नव्हे. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये वसईच्या बागायतीत ऊस, केळी आणि विड्याचं पान ही मोठी पिकं म्हणून येतात, कारण सरकारला सारा मोठ्या पिकांवर मिळतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जे उगवतं त्याची नोंद कोण करणार? ते बाईच्या हातातलं पीक. अळू, पानओवा, कढीपत्ता, गवती चहाचं बेट, पुदिन्याचा ओलसर तुकडा, मिरचीची चार झाडं. या मागच्या दाराच्या शेतीचा इतिहास आपल्याला कागदात जवळजवळ सापडत नाही, पदार्थांत सापडतो.

उदाहरण देतो. इकडच्या ख्रिस्ती समाजात लग्नकार्यात 'खिमाड' नावाचं गरम पेय करतात. दालचिनी, लवंग, वेलची असा मसाला उकळायचा, गोड करायचं, त्यात दारू घालायची. काही घरांत गवती चहाची पातही पडते. कुणी त्याला कॉकटेल म्हणत नाही. पण मघाशी सांगितलेला फ्रायरचा पंच आठवा, दारू, गोडी, पाणी, मसाला... लिंबाच्या जागी लिंबाच्याच वासाचं गवत आलं, एवढाच फरक! पुस्तकातला पंच विलायतेला जाऊन परत बाटलीतून आला, वाडीतला मात्र कुठे गेलाच नाही.

मग हे पान मुंबईत कधी पोचलं? त्याला तारीख देता येते. १२ एप्रिल १८६७. त्या दिवशी विरार ते मुंबईची बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली, जायला एक आणि यायला एक. त्याआधी वसईचा माल होडीने जात असे. होडीने केळी जातात, ऊस जातो, पण कोथिंबीर जाऊन उपयोग नाही, ती पोचेपर्यंत मान टाकते. नाजूक पानाला आणि फुलाला बाजार मिळाला तो रेल्वेमुळे. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि पहाटे खुडलेला मोगरा, चाफा, भाजी, दुधाचे हंडे हे सगळं सूर्य वर यायच्या आत दादरला उतरू लागलं. वसईच्या कितीतरी घरांतल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्या पहाटेच्या डब्यातून निघाला आहे. इथे बसलेल्यांतही असतील.

मुंबईत तेव्हा दारूचे दोन जग होते. एक ताडी-माडीचं. १८७८ च्या आबकारी कायद्याने माड छेदणाऱ्या भंडाऱ्यांवर कर आणि परवान्यांचा असा विळखा बसला की पिढीजात धंदा मोडकळीला आला. दुसरं जग हॉटेलांचं. ताजमहाल हॉटेलात १९३३ साली हार्बर बार सुरू झाला. म्हणजे एकाच सरकारच्या काळात माडावर चढणारा हात आखडला आणि बर्फ घालणारा हात मोकळा झाला. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, काही वर्षं सगळंच बंद, पुढे हळूहळू सैल. कायद्याने आजही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. किती जणांच्या खिशात असतो, ते मी विचारत नाही. (हशा)

दारूवर एवढे कायदे झाले, पानावर कुणी केला नाही. पानाचं काय झालं, ते जमिनीने ठरवलं.

१९८०च्या दशकाच्या शेवटी वसईच्या हरित पट्ट्यात इमारतींना वाट करून देण्याचं धोरण आलं, १९९० मध्ये सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं, त्याविषयी या तालुक्यात वेगळं सांगायला नको. मला फक्त एक धागा उचलायचा आहे, पाण्याचा. विहिरींचं पाणी टँकरने इमारतींना जाऊ लागलं. मघाशी म्हटलं ना, गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. पंपाने जोरात ओढलं की खालचं खारं वर येतं. माड तग धरतो काही दिवस, पण कोथिंबीर, पुदिना यांच्या पानांच्या कडा आधी करपतात. पाणी खारं होतंय हे शेतकऱ्याला सांगणारं पहिलं पीक म्हणजे ही पालेवाली मंडळी. मोठी बाग नंतर गेली, मागच्या दाराचा हिरवा तुकडा आधी गेला. आणि त्याची नोंद पुन्हा कुणी केली नाही, कारण तो मुळात सातबाऱ्यावर नव्हताच.

२००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती. आता इतकी माणसं खिडकीत पान लावतात, त्यातली पुष्कळ इथली नव्हेत, कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेली. त्यांची स्वतःची परसदारं कुठेतरी मागे सुटलेली आहेत. म्हणून त्या डब्याची मी चेष्टा करत नाही.

पण त्या डब्यात बी कसं रुजतं, याच्यातही इतिहास आहे, म्हणून जरा थांबतो. नाहीतरी व्याख्यानानंतर अर्धे प्रश्न याचेच येतात.

पहिली गोष्ट, वाडीतल्या बाईने पुदिना बियाण्यापासून कधी लावला नाही. पुदिना पसरतो तो जमिनीलगतच्या धावत्या फांद्यांनी. बी पेरलं तर उगवण कमी, आणि जे उगवेल ते आईसारखंच वासाचं निघेल याची खात्री नाही, कारण पुदिन्याच्या जाती आपसांत फार मिसळतात. काही जाती तर संकरातून आलेल्या, त्यांना रुजणारं बी धरतच नाही. तरी बाजारात पुदिन्याच्या बियांची चित्रवाली पाकिटं विकली जातात. भाजीवाल्याची जुडी आणा, जाडसर देठ निवडा, खालची पानं काढून पाण्यात ठेवा, आठवड्याभरात मुळं फुटतात. गवती चहाचंही तेच. त्याला आपल्याकडे सहसा फुलोराच येत नाही. बेट फोडून ठोंब लावायचा. पानओवा तर नुसती फांदी खोचली तरी चालतो.

बी लागतं ते कोथिंबिरीला, शेपूला आणि सबज्याला. धणा हा एक दाणा दिसतो, पण त्यात दोन बिया असतात. म्हणून जुन्या बायका पेरण्याआधी धणे चपलेखाली किंवा लाटण्याखाली हलके रगडून त्याची दोन दलं करत. मग रात्रभर भिजवायचे आणि वाफ्यात पेरायचे. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते. दिवाळीनंतर पेरलं तर पान छान येतं, एप्रिल-मेमध्ये पेरलं तर हातभर होण्याआधीच फुलावर जातं. शेपूला जागा बदललेली सोसत नाही, पेरला तिथेच वाढू द्यावा.

सबज्याची गोष्ट उलट. त्याला भिजवू नये, त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि गोळा होतो. खोलही पुरू नये, त्याला रुजायला उजेड लागतो. ओल्या मातीवर भुरभुरवून बोटाने दाबलं की पुरे. आठवड्याच्या आत दोन-दोन पानं दिसतात. आणि हेच बी पेल्यात घालायचं असेल तर आधी साध्या पाण्यात फुगवून घ्यावं, कडक दारूत ते नीट फुगत नाही.

यानंतर खिडकीची अडचण येते. घरात रोपं लांबट, फिकट होऊन काचेकडे वाकतात. खताचा दोष नसतो, उजेड कमी पडतो. समोरची इमारत दहा फुटांवर असेल तर कितीही कोकोपीट आणलंत तरी सबजा अंगाने भरणार नाही. पावसाळ्यात दमट हवेने कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून एका रात्रीत आडवी होतात, शेतकरी त्याला मर म्हणतात. दाट पेरू नये, संध्याकाळी पाणी घालू नये, डब्याला खाली भोकं असावीत. परदेशी चित्रफिती बघून रोझमेरी आणि थाइम लावणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, ती कोरड्या डोंगरउतारांची झाडं आहेत. आपल्या जुलैत ती रडतात. त्यापेक्षा पानओव्याचं एक पान तळहातावर थोपटून पेल्यावर ठेवा, वास त्याहून कमी नाही. थोपटूनच ठेवायचं, चिरायचं नाही. तेल पानाच्या पृष्ठावर असतं, ते नाकाला मिळावं म्हणून तर पान कडेला असतं. लिस्बनचे लोक कुंडीवरून हात फिरवतात त्याचंही कारण हेच.

आणखी एक, हे मात्र गांभीर्याने. पाकिटातल्या बियांवर गुलाबी-निळी पूड असेल तर ते औषध लावलेलं बियाणं आहे. ते पेरायचं, खायचं नाही, भिजवून सरबतात तर मुळीच घालायचं नाही. वाण्याकडचा सबजा खाण्याचाच असतो, आणि ताजा असेल तर तोच उत्तम उगवतो.

आता मुद्द्याचं. वाडीतली कोथिंबीर कधी पूर्ण उपटत नसत. एका कोपऱ्यातली चार-सहा झाडं फुलाला सोडायची, धणे धरले की छपरावर वाळवायचे, राखेत घोळून मडक्यात. पुढच्या वर्षी तेच. असं दहा-वीस वर्षं झालं की ते बी त्या विहिरीच्या पाण्याला, त्या वाळूला सरावतं. थोडं खारंही सोसतं. खिडकीतल्या डब्यात आपण पान खुडतो, फूल यायच्या आत झाड संपवतो आणि पुढच्या वेळी नवं पाकीट आणतो. म्हणजे पान घरात आलं, पण बी घरातून गेलं. रेल्वे, कायदे, टँकर या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त टोचतं ते हे, कारण जमीन गेली त्याचे निदान कागद आहेत, मोर्चे आहेत. बी कुणाच्या घरातून कोणत्या वर्षी संपलं, त्याचा कागद नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी ज्यांची घरं आगाशी, बोळींज, भुईगाव, सांडोर, गिरीजच्या बाजूला आहेत, तिथे मडक्यात, डब्यात, जुन्या कापडाच्या पुरचुंडीत घरचे धणे किंवा सबजा अजून असेल, तर पुढच्या व्याख्यानाला चिमूटभर घेऊन या. सोबत चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा, कुठल्या गावचं, कुठल्या विहिरीवरचं, आणि घरात कुणी राखलं. आजीचं नाव लिहिलंत तर फार बरं. आपण एका वहीत उतरवून घेऊ, आणि ज्यांच्या खिडकीत ऊन येतं त्यांना चार-चार दाणे वाटू. एकच अट राहील, त्यांनी दोन झाडं फुलाला सोडायची.

प्रश्न घेऊया आता.